घर सगळ्यात शेवटी बघा: मुलांना घेऊन नव्या शहरात जाताना एरिया आणि शाळा कशी ठरवायची

बदलीचं लेटर हातात पडलं की पहिल्या दहा मिनिटांत आपण काय करतो, तर मोबाइलवर घरांचे फोटो बघायला लागतो. पहिल्या वेळी मीही तेच केलं होतं. आतापर्यंत आमचं तीनदा शहर बदलून झालंय, दोन मुलं घेऊन, आणि पहिल्या दोन वेळा जे काही हाल झाले त्यावरून एक गोष्ट पक्की कळली की आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी एखादं घर मनात भरतं, मग त्याच्या आजूबाजूचा एरिया "चालेल की" असं आपणच आपल्याला पटवतो, आणि शाळा उरते शेवटी, जी मिळेल ती. तिसऱ्या वेळी आम्ही क्रमच फिरवला. आधी ॲडमिशन कुठे मिळू शकते, मग रोजचा प्रवास, मग गल्ली, आणि घर सगळ्यात शेवटी. घर वर्षभरात बदलता येतं हो, शाळा मध्येच बदलली की पोराला पुन्हा पहिल्यापासून सगळं, मित्र, बाई, बसायची जागा, सगळंच.

खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे, लांबलंय थोडं.

पहिलं काम: मुलांच्या वयाचा हिशोब

एक कागद घ्या आणि प्रत्येक मुलापुढे तीन गोष्टी लिहा: जायच्या दिवशी वय किती असेल, आता कितवीत आहे, आणि शेवटची मोठी परीक्षा किती वर्षांवर आहे. ऐकायला फालतू वाटतं पण निम्मे घोळ इथेच होतात. इयत्ता वयावर ठरते आणि वय मोजायची तारीख प्रत्येक ठिकाणी वेगळी. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्टला रेघ मारलेली असते, जपानमध्ये २ एप्रिल ते पुढची १ एप्रिल असा एक वर्ग धरतात, ऑस्ट्रेलियात तर शाळाच जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत सुरू होते. म्हणजे काय, तर एका ठिकाणी चौथी संपवून निघालेलं पोर दुसरीकडे गेल्यावर पुन्हा अर्धी चौथी करतं किंवा थेट अर्ध्या पाचवीत जाऊन पडतं. हे तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा आधी एक मेल टाकून विचारा, जन्मतारीख कळवा आणि कितवीत बसेल ते लेखी घ्या.

मोठी परीक्षा दोन वर्षांच्या आत असेल तर माझं मत अगदी स्पष्ट आहे, जमत असेल तर त्या पोराला हलवू नका. एकाने आधी जावं, बाकीच्यांनी परीक्षा झाल्यावर जावं, खर्च वाढतो, जीवही थोडा कातावतो, पण निभतं. लहान मुलांचं उलटं आहे, जायचंच असेल तर जितक्या लवकर तितकं बरं. अमेरिकेत १९९० च्या दशकात पाच शहरांमध्ये एक प्रयोग झाला होता, गरीब वस्तीतल्या कुटुंबांना सोडत काढून बऱ्या वस्तीत राहायला जायची मदत दिली. त्या मुलांची पुढची कमाई चेट्टी, हेंड्रेन आणि कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये तपासली तर १३ वर्षांच्या आत हललेली मुलं विशी ओलांडल्यावर जवळपास ३१ टक्के जास्त कमवत होती, त्यापेक्षा मोठ्या वयात हललेल्यांना तसा फायदा दिसला नाही. आपली परिस्थिती तशी नसते हे मान्य, आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नका, पण दोन गोष्टी घ्या त्यातून: वस्तीचा परिणाम खरंच होतो, आणि तो वर्षानुवर्षं तिथे राहिल्याने होतो.

भाषा बदलत असेल तर आणखी एक गोष्ट. मूल सहा महिन्यांत मैदानावर फडाफड बोलायला लागतं आणि आपण म्हणतो झालं, जमलं. जिम कमिन्स नावाच्या भाषातज्ज्ञाचं म्हणणं असं की बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण इतिहासाचा धडा वाचून स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिण्याइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून भाषा नवीन असेल तर शाळेला पहिला प्रश्न हाच, नवीन भाषेच्या मुलांना वेगळी मदत मिळते का, आठवड्यातून किती तास आणि किती वर्षं. "हो हो, आमच्याकडे सगळी मुलं पटकन शिकतात" असं उत्तर आलं तर समजायचं की मदत बिदत काही नाही.

आणि दोन-तीन वर्षांनी परत हलायचंय हे आत्ताच माहीत असेल तर अभ्यासक्रम असा निवडा जो पुढच्या गावातही मिळेल. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालं ते अशाच सतत फिरणाऱ्या घरांच्या मुलांसाठी. तेच घ्या असं नाही म्हणत मी, महाग असतं बऱ्याचदा, पण कुठल्या अभ्यासक्रमाचं पोर पुढे कुठे बसू शकतं हे विचारून ठेवा.

कागदपत्रं, पटकन

जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाचं कार्ड, आई-वडिलांची ओळखपत्रं. देश बदलत असाल तर दाखल्यांवर ॲपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लागू शकतो, १९६१ च्या हेग करारातले देश एकमेकांचे कागद त्यावर मान्य करतात, पण त्याला वेळ लागतो, तिकिटं काढल्यावर आठवलं तर उशीर झालेला असतो. यात एक गोष्ट माझी भर: जुन्या शाळेतून निघताना गणिताचे कुठले धडे झाले आणि कुठले राहिले याची यादी बाईंकडून लिहून घ्या. आमच्या मुलीचे अपूर्णांक दोन शाळांच्या मधल्या फटीत पडले, जुन्या शाळेत पुढच्या सत्रात होणार होते आणि नवीन शाळेत मागच्या वर्षीच झालेले, आणि हे आम्हाला कळलं सहा महिन्यांनी.

शाळांची लांब यादी, आणि निकालाकडे कसं बघायचं

आता नकाशा न बघता फक्त यादी करा. त्या शहरात तुमच्या मुलाच्या इयत्तेत, तुम्ही जाल त्या महिन्यात, कुठल्या शाळांमध्ये जागा मिळण्याची शक्यता आहे? फोन करून विचारायचे प्रश्न तीनच: वर्षाच्या मध्ये घेता का, आत्ता या वर्गात जागा आहे का, वेटिंग लिस्ट असेल तर आपला नंबर कितवा. नामांकित शाळा यादीत दहाव्यांदा आली म्हणून ॲडमिशन मिळत नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यात आमचे दोन महिने गेले होते, "बघू, सांगतो" म्हणणाऱ्या शाळेची वाट बघताना "या" म्हणणारी शाळा भरून गेली.

बऱ्याच देशांत सरकारी शाळा पत्त्यावर मिळते, ज्या हद्दीत घर त्या हद्दीची शाळा. तिथे पत्ता म्हणजेच ॲडमिशन, म्हणून जास्त सावध राहावं लागतं. हद्द रस्त्याच्या मधोमध जाऊ शकते, समोरच्या बिल्डिंगची मुलं एका शाळेत आणि तुमची दुसरीकडे. हद्दी बदलतातही. इंग्लंडमध्ये बऱ्याच शाळा जवळ राहणाऱ्यांना आधी घेतात आणि शेवटी ॲडमिशन मिळालेलं मूल किती अंतरावरचं होतं ते दर वर्षी बदलतं, मागच्या वर्षी बसलेलं अंतर या वर्षी बसेलच असं नाही. त्यामुळे एजंटने "ही त्याच शाळेची हद्द आहे" म्हटलं की मान डोलवायची आणि घरी येऊन शाळेला किंवा शिक्षण खात्याला पूर्ण पत्ता देऊन लेखी विचारायचं. एजंटचा कमिशनमध्ये जीव असतो, तुमच्या पोराच्या वर्गात नाही.

आणि हद्दीचे पैसे तुम्ही देताच, कळो न कळो. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधली अशी घरं ताडून पाहिली जी शाळेच्या हद्दीच्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे होती, म्हणजे एरिया तोच पण शाळा वेगळी. परीक्षेचे गुण ५ टक्के जास्त असलेल्या शाळेसाठी लोक घराला साधारण २.५ टक्के जास्त मोजत होते. तेव्हा प्रश्न हा की आपण जास्तीचे पैसे मोजतोय ते चांगल्या शिकवण्याचे की नुसत्या चांगल्या आकड्याचे.

कारण आकडा फसवा असतो. १९६६ मध्ये अमेरिकेत कोलमन रिपोर्ट म्हणून एक भला मोठा अहवाल आला, त्यात निघालं की मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीने जास्त ठरतो. म्हणजे शिकलेल्या, खात्यापित्या घरांची मुलं ज्या शाळेत जमतात तिचा निकाल चांगला लागणारच, बाई वर्गात पेपर वाचत बसल्या तरी. त्यामुळे निकालापेक्षा प्रगती बघा, म्हणजे मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि गेलं तेव्हा कुठे होतं. इंग्लंडने २०१६ पासून असाच प्रगतीचा आकडा माध्यमिक शाळांसाठी काढायला सुरुवात केली. तुमच्याकडे असा आकडा मिळत नसेल तर शाळेला साधं विचारा, "मागे पडलेल्या मुलाचं तुम्ही काय करता, मागच्या वर्षीचं एखादं उदाहरण सांगा, नाव नको." जिथे खरंच काही करतात तिथले लोक लगेच बोलायला लागतात, थांबतच नाहीत. जिथे नाही करत तिथे ब्रोशर पुढे सरकवतात.

अजून एक, छोट्या शाळेचे टक्के एका वर्षाचे बघू नका. वर्गात २० मुलं असतील तर एक पोर नापास झालं की निकाल ५ टक्के खाली. निदान तीन वर्षांचे बघा. लहान मूल असेल तर वर्गात किती मुलं हे मात्र जरूर विचारा, अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं मोठा प्रयोग झाला, १३ ते १७ मुलांचे वर्ग आणि २२ ते २५ चे वर्ग, आणि छोट्या वर्गातली मुलं पुढे होती. तो प्रयोग तिसरीपर्यंतच्या मुलांवर होता, तेव्हा बालवाडी-पहिलीला या आकड्याला वजन द्या, दहावीच्या पोरासाठी तेवढा जीव काढायची गरज नाही.

नकाशा: इथे खरा निकाल लागतो

यादीत आता पाच-सहा शाळा उरल्या असतील. नकाशावर त्या लावा, ऑफिस लावा, दोघं नोकरी करत असाल तर दोन्ही ऑफिसं लावा. आणि अंतर किलोमीटरमध्ये बघणं बंद करा. मॅप ॲपमध्ये पोहोचायची वेळ टाकता येते, ती शाळेच्या घंटेच्या दहा मिनिटं आधीची टाका आणि वार मंगळवार ठेवा. मंगळवारच का, तर सोमवारी सुट्टीची सुस्ती असते, शुक्रवारी लोक लवकर सटकतात, मंगळवार हा अगदी नेहमीचा, कंटाळवाणा दिवस. आणि तुम्हाला राहायचंय ते या कंटाळवाण्या दिवसात. आमच्या घरात याला मंगळवारची परीक्षा म्हणतात, पुढे गल्लीलाही हीच लावायची आहे.

एक हिशोब करून बघा. शाळा २५ मिनिटांवर असण्याऐवजी ५० मिनिटांवर असली तर जाऊन येऊन रोज ५० मिनिटं जास्त. वर्षाचे शाळेचे दिवस २०० धरले तर १०,००० मिनिटं होतात, म्हणजे १६६ तास, म्हणजे जवळपास सात दिवस आणि सात रात्री पोर बसमध्ये बसलंय. दुसरी शाळा यापेक्षा किती चांगली असायला हवी ते तुम्हीच ठरवा. मोठ्यांचंही तेच, फ्राय आणि स्टुट्झर या दोघांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती घेऊन २००८ मध्ये मांडलं की लांबून येणारे लोक कमी समाधानी असतात, आणि जास्त पगार किंवा मोठं घर त्याची भरपाई करत नाही. आपण घर घेताना नेमकं उलटं धरून चालतो, लांब आहे पण एक खोली जास्त आहे ना. ती जास्तीची खोली संध्याकाळी सातला दमून आल्यावर कोण वापरतं?

टीनएजर असेल तर घंटेची वेळ बघा आधी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी सुरू होऊ नये, कारण त्या वयात झोपच रात्री उशिरा येते. शाळा साडेसातला आणि बस त्याआधी पाऊण तास, म्हणजे पोर पावणेसहाला उठणार, रात्री अकराला झोपलेलं. मग ते चिडचिड करतं आणि आपण म्हणतो नवीन शहर मानवलं नाही.

दोन मुलं असतील तर दोन शाळांचा घोळ होऊ शकतो. घंटा एकाच वेळची आणि शाळा दोन टोकांना असल्या तर रोज सकाळी घरात युद्ध. भावंडाला प्राधान्य आहे का ते विचारा, आणि नसेल तर दोन्ही घंटांमध्ये निदान अर्धा तास फरक असेल अशी जोडी बघा. शाळा सुटल्यापासून तुम्ही घरी येईपर्यंतचे तास कोण सांभाळणार हेही याच कागदावर लिहा, पाळणाघर असेल, शाळेतच थांबायची सोय असेल, काहीही, पण रकाना रिकामा ठेवून पुढे जाऊ नका. आणि अकरा वाजता शाळेतून फोन आला की ताप आहे, घेऊन जा, तर अर्ध्या तासात कोण पोहोचेल? नवीन शहरात आजी नसते, शेजारीण अजून ओळखीची नसते. या एका प्रश्नाने आमच्या दोन शाळा कटाप झाल्या.

शाळेत जाऊन बघताना

ट्रॉफ्यांचं कपाट बघून झालं की "मुलांचं टॉयलेट कुठे आहे" विचारायचं, आणि व्हिजिटरवालं दाखवायला लागले तर म्हणायचं की नाही, मुलांचं. खरंच सांगते, दुसऱ्या शहरात एका शाळेत आम्हाला ऑफिसमध्ये प्रोजेक्टरवर फिल्म दाखवली, स्विमिंग पूल, रोबोटिक्स, सगळं. मग मी मुलीला घेऊन वॉशरूमला गेले तर आत एक आठ-नऊ वर्षांची मुलगी पाठ टेकवून, एक पाय दारावर रोवून उभी होती, हलतच नव्हती. मला वाटलं खेळतायत. तिने शांतपणे सांगितलं, "कडी नाहीये, माझी मैत्रीण आत आहे, आम्ही आळीपाळीने दार धरतो." पाळी लावलेली होती त्यांनी, म्हणजे हे किती दिवसांचं असेल. माझी मुलगी परतीच्या वाटेत फक्त एकच बोलली, माझी तर तिथे कोणी मैत्रीण नाही. आम्ही ती शाळा सोडली आणि मला आजवर त्याचं वाईट वाटलेलं नाही.

शाळा चालू असताना जा, सुट्टीच्या दिवशीच्या ओपन हाउसला सगळ्याच शाळा छान असतात. मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं मैदानाच्या कडेला उभं राहू द्या म्हणा. एकटी बसलेली मुलं किती, त्यांच्याकडे कुणी मोठं माणूस जातं का, मोठी पोरं लहानांना ढकलतात तेव्हा कोण बघतं. वर्गात डोकावलात तर भिंतीवर बघा, सगळी चित्रं एकसारखी असतील तर बाईंनी काढून घेतलीयत. शिक्षक किती वर्षं टिकतात ते विचारा, मागच्या वर्षी किती जण सोडून गेले. आणि गेटवर घ्यायला आलेल्या पालकांशी बोला. "शाळा चांगली आहे का" विचारलंत तर चांगलीच म्हणतील, आपण निवडलेली शाळा वाईट आहे असं कोण सांगेल. त्याऐवजी विचारा, मागच्या वेळी काही अडचण आली तेव्हा शाळेने उत्तर द्यायला किती दिवस लावले.

वर्गाची खिडकी कुठे उघडते तेही बघा, हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या शेजारून उंचावरची रेल्वे जायची, १९७५ मध्ये ब्रॉन्झाफ्ट आणि मॅकार्थी यांनी तिथल्या मुलांचं वाचन तपासलं तर रुळांच्या बाजूच्या वर्गातली मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे, वरच्या वर्गात तर जवळपास वर्षभराने. शाळा तीच, अभ्यास तोच, फरक काय तो खिडकीचा. नंतर रुळांखाली रबराचे पॅड बसवले, वर्गांना आवाज शोषणारं छत लावलं आणि काही वर्षांनी परत बघितलं तर फरक गेलेला.

गल्ली

आता दोन-तीन शाळा राहिल्या, त्यांच्याभोवती घर ते शाळा जितका वेळ तुम्हाला परवडतो तेवढं वर्तुळ काढा, त्यातले दोन-तीन एरिया निवडा आणि चालायला निघा. गाडीतून एरिया कळत नाही.

माझी दुसऱ्या शहरातली चूक ऐका. घर बघितलं रविवारी दुपारी. मोठी बाल्कनी, ऊन, समोर झाड, आजूबाजूला अशी शांतता की मुलगा म्हणाला इथे पक्षी ऐकू येतात. तिथेच टोकन दिलं. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी बेडरूमच्या मागच्या भिंतीपलीकडे शटर वर गेलं, आणि मग ट्रक रिव्हर्स घ्यायला लागले, टूं टूं टूं, एकामागून एक, सात वाजेपर्यंत. मागे गोडाऊन होतं. रविवारी बंद. वर्षभर आम्ही मुलीच्या खिडकीला गादी टेकवून झोपलो. मालकाला विचारलं तर म्हणाला, तुम्ही विचारलंच नाही ना. बरोबरच होतं त्याचं.

म्हणून मंगळवारची परीक्षा. त्याच गल्लीत तीन वेळा जायचं, सकाळी शाळेच्या वेळी, संध्याकाळी लोक परततात तेव्हा, आणि रात्री दहानंतर. जमलं तर पहाटे पण, नाहीतर निदान एखाद्या रहिवाशाला विचारा सकाळी कशाने जाग येते. फोनवर आवाज मोजायचं ॲप असतं, ते अगदी अचूक नसतं पण दोन गल्ल्यांची तुलना करायला पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रस्त्याच्या आवाजासाठी दिवसभराच्या सरासरीला ५३ आणि रात्रीला ४५ डेसिबलच्या खाली ठेवा असं सांगितलंय. हवेचंही तसंच, जवळच्या मोजणी केंद्राचा पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचा, वर्षाचा आकडा बघा, त्याच संघटनेची २०२१ ची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे, मोठ्या शहरात ती पाळली जाणं अवघडच, पण दोन एरियात एकीकडे दुप्पट असेल आणि घरात दमा असेल तर निर्णय झाला.

ट्रॅफिकचा अजून एक परिणाम आहे जो लगेच दिसत नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तीन शेजारशेजारच्या रस्त्यांवर पाहणी केली होती १९६० च्या दशकाच्या शेवटी, एकावर दिवसाला साधारण २,००० गाड्या, एकावर ८,००० आणि एकावर १६,०००. कमी गाड्यांच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र, जास्त गाड्यांच्या रस्त्यावर एकसुद्धा धड नाही, ०.९. नवीन गावात जिथे तुमचं कुणीच नाही तिथे मित्र तीन मिळणार की शून्य हा प्रश्न घरातल्या फरशीपेक्षा मोठा आहे. गल्लीत मुलं खेळताना दिसतात का, म्हातारी माणसं बाहेर बसतात का, लोक थांबून बोलतात का, हे बघा. ज्या रस्त्यावर आठ वर्षांचं मूल एकटं चालताना दिसतं तो रस्ता बऱ्यापैकी ठीक असतो, तिथल्या आयांनी तुमच्या आधीच परीक्षा घेतलेली असते.

घर ते शाळा हे अंतर मुलाबरोबर प्रत्यक्ष चाला, त्याच्या स्पीडने, दप्तरासकट. मॅप सात मिनिटं म्हणतो, सहा वर्षांचं पोर तेरा घेतं कारण मध्ये एक मांजर असतं. रस्ता कुठे ओलांडायचा, तिथे सिग्नल आहे की नुसतं देवाच्या भरवशावर, फूटपाथ सलग आहे की मध्येच गायब होतो. बाकी पाणी किती वेळ येतं, वीज जाते का, पावसात पाणी तुंबतं का, दवाखाना किती लांब, ही यादी सगळ्यांना माहीत असते, फक्त ती मालकाला न विचारता खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. गुन्ह्यांचे आकडे मिळत असतील तर बघा, पण बाजारपेठेच्या एरियात ते जास्तच दिसतात कारण दिवसा तिथे बाहेरची हजारो माणसं येतात, राहणारे थोडे. आकडा बघून घाबरायच्या आधी कसले गुन्हे ते वाचा.

आता घर, आणि तेही भाड्याने

विकत घ्यायची ऐपत असली तरी पहिलं वर्ष भाड्याने राहा. मला माहीत आहे की लोक म्हणतात भाडं म्हणजे पाण्यात पैसा, पण चुकीच्या एरियात कर्ज काढून बसलात तर ते पाणी खोल असतं. एकच अपवाद, जिथे मालकीच्या पत्त्याशिवाय शाळा मिळतच नाही, आणि तसं खरंच आहे का तेही तपासून घ्या, बहुतेक ठिकाणी भाडेकरार चालतो. करारात दोन गोष्टी बघा: मुदत शाळेचं वर्ष संपल्यावरच संपते ना, आणि मध्येच सोडायचं झालं तर किती महिन्यांची नोटीस. मार्चमध्ये करार संपतोय आणि परीक्षा एप्रिलमध्ये, हे दृश्य मी दोन मैत्रिणींकडे बघितलंय.

नवरा-बायकोत भांडण होणारच. आम्ही काय केलं, तर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर "याशिवाय चालणारच नाही" अशा तीनच गोष्टी लिहिल्या, तीनच, चौथी नाही. नवऱ्याची एक होती पार्किंग, माझी एक होती शाळेचा प्रवास अर्ध्या तासाच्या आत. सहामधल्या दोन सारख्याच निघाल्या, उरलेल्या चारांवर घासाघीस केली. बाकी सगळं, बाल्कनी, व्ह्यू, मॉड्युलर किचन, त्या कागदावर नाही म्हणजे नाही. मोठ्या मुलांनाही एक गोष्ट लिहू द्या. आमच्या मुलीने लिहिलं होतं, "टॉयलेटला कडी". मिळाली.

सामान हलवताना जमल्यास शाळा सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी पोहोचा, म्हणजे त्या रस्त्यावरून चार-पाच वेळा चालून होतं आणि गल्लीतलं एखादं पोर आधीच ओळखीचं झालेलं असतं. पहिल्या दिवशी मुलाला "कसा होता दिवस" विचारू नका, "बरा" एवढंच उत्तर येतं. तिसऱ्या आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा आणि अभ्यासाचं काहीही न विचारता फक्त एवढं विचारा की मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर असतो. त्यांनी एखाद्या मुलाचं नाव घेतलं तर उरलेली खोकी उघडायला घ्या. "असतो की सगळ्यांबरोबर" म्हणाले तर पुढच्या आठवड्यात परत भेटायची वेळ तिथेच मागून घ्या.